आण्णा, त्या खेळात एवढं काय आहे म्हणालात

वॉर्सा,
फेब्रुवारी

ती. आण्णांस,
सा. न. वि. वि.

मी थंडीभर कॉम्प्युटरवर खेळत बसले आणि खेळ संपला तेव्हा रडले, असं आईनं तुम्हाला सांगितलेलं दिसतंय. रडले वगैरे काही नाही, डोळे भरून आले एवढंच. पण तुम्ही फोनवर "त्या खेळात एवढं काय आहे गं?" म्हणालात आणि मला धड काही सांगता आलं नाही. एक तर फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येत नाही, आणि कानाचं मशीन बारा महिने कपाटात. दुसरं म्हणजे ही दोन वाक्यांत उरकायची गोष्टच नाही. म्हणून हे पत्र. दादाला छापून द्यायला सांगितलंय, अक्षर मोठं ठेवलंय.

हा छोटूच्या मोबाइलवर चालतो तसला पाच मिनिटांचा खेळ नव्हे. यात एक लांबलचक गोष्ट असते आणि तिच्यातल्या मुख्य माणसाच्या जागी आपण असतो. समोरचा बोलतो, आपल्यापुढं दोन-तीन उत्तरं येतात, त्यातलं एक निवडायचं. पुढं काय होणार ते त्या उत्तरावर. मधल्या वेळात घोड्यावरून गावोगाव हिंडायचं, तलवार चालवायची, पाला-मुळ्या गोळा करून औषधं करायची. सगळं बघायचं म्हटलं तर शंभर तासही पुरत नाहीत. मला ऑफिस सांभाळून हिवाळा गेला, आणि इथला हिवाळा म्हणजे दुपारी साडेतीनला दिवे लावायचे, त्यामुळं संध्याकाळ मोप मोठी असते.

नाव 'द विचर ३: वाइल्ड हंट'. मे २०१५ मध्ये आला, म्हणजे तसा जुना. पण बनलाय इथंच, मी राहते त्या वॉर्सात. शाळेपासूनचे दोन मित्र, मार्चिन इव्हिन्स्की आणि मिहाउ किचिन्स्की. त्यांनी १९९४ साली बाहेरून आणलेल्या खेळांच्या सीडी विकायची कंपनी काढली, सीडी प्रोजेक्ट. मग ते परदेशी खेळांना पोलिश बोलायला लावून विकू लागले आणि पुढं स्वतःचेच बनवायला लागले. या एका खेळाच्या पाच कोटींवर प्रती खपल्यात. २०११ मध्ये ओबामा इथं आले तेव्हा पंतप्रधान टुस्क यांनी त्यांना याच मालिकेतला दुसरा खेळ भेट दिला होता. आपल्याकडं पाहुण्याला कोल्हापुरी चपला आणि फेटा देतात, यांनी राक्षस मारायचा खेळ दिला. इथल्या लोकांना त्याचं काय कौतुक आहे म्हणून सांगू!

हिशेबाच्या माणसाला आवडेल असा एक किस्सा. गोष्ट मुळात आंद्झेई सापकोव्स्की या पोलिश लेखकाची. पहिली कथा १९८६ मध्ये मासिकात आली. या कंपनीनं खेळ करायची परवानगी मागितली तेव्हा विक्रीतला हिस्सा देऊ म्हणाले. लेखकाचा असल्या खेळांवर काडीचा विश्वास नव्हता. ते म्हणाले, हिस्सा-बिस्सा नको, काय असेल ते रोख आत्ता टाका. घेतले आणि मोकळे झाले. पुढं खेळ जगभर गाजला. मग २०१८ मध्ये वकिलामार्फत सहा कोटी झ्वॉटींची (झ्वॉटी म्हणजे इथलं चलन) मागणी केली. इथल्या कायद्यात तशी सोय आहे: लेखकाला मिळालेलं आणि दुसऱ्यानं त्यावर कमावलेलं यांत जमीन-अस्मानाचा फरक पडला तर लेखक वाढीव मागू शकतो. २०१९ च्या डिसेंबरात दोघांनी बसून नवा करार केला. तुम्ही असता तर 'उचल घेताना दहादा विचार करावा' हे वाक्य टाकलंच असतंत.

आता खेळाकडं येते. नायकाचं नाव गेराल्ट. पांढरे केस, मांजराचे डोळे, पाठीवर दोन तलवारी, एक पोलादी आणि एक चांदीची. लहानपणी औषधं पाजून, अंगात बदल घडवून त्याला विचर बनवलंय. विचर म्हणजे पैसे घेऊन भुतंखेतं आणि राक्षस मारणारा माणूस. लोकांना त्याची गरजही असते आणि किळसही येते. दिवसा तो गावात शिरला की बाया पोरांना घरात ओढतात आणि वाटेवर थुंकतात, आणि अंधार पडला की त्यांच्यापैकीच कुणीतरी हळूच येऊन म्हणतं, शेताच्या कडेला काहीतरी आलंय, बघाल का जरा.

गावच्या मधोमध एक लाकडी फळा असतो, त्यावर कागद डकवलेले. कुणाचं जनावर हरवलंय, कुणाला गडी पाहिजे, आणि त्यातच एखादा कागद भुताच्या बंदोबस्ताचा. गेराल्ट जातो आणि आधी गावच्या म्होरक्याशी मोबदल्यावर घासाघीस करतो. फार ताणलं तर समोरचा चिडतो. तुम्ही कारखान्याच्या शेती खात्यात ऊसनोंदीला गावोगाव फिरायचा ना, अगदी तसं: ओट्यावर टेकायचं, आधी पाऊसपाणी, मग मुद्दा. काम झाल्यावर पैसे घेताना समोरच्या माणसाचे कपडे बघितले की घ्यायची लाज वाटते. घ्यायचे की 'राहू दे' म्हणायचं ते आपण ठरवायचं. मी बऱ्याचदा सोडले. त्यामुळं माझा गेराल्ट कायम फाटक्या चिलखतात.

सुरुवातीच्याच गावात एक म्हातारी एका बंद घराचं दार बडवत उभी असते. गेराल्टला वाटतं काहीतरी भयंकर असणार. तर ती म्हणते, एका परक्या माणसानं माझा तवा मागून नेला आणि परत देईना. झालं! एवढा राक्षसांचा कर्दनकाळ, तो मंत्रानं दार फोडून तवा शोधायला आत शिरतो. आत एक प्रेत पडलंय, आणि तवा मात्र घासून लखलखीत. कारण त्या पाहुण्यानं तव्याची काजळी खरवडून तिची शाई केलीय. म्हणजे कुणीतरी चोरून पत्रं लिहीत होतं, लढाईचा मुलूख आहे, हेरगिरी चाललीय. हे सगळं गेराल्टच्या ध्यानात येतं. म्हातारीला त्याचं सोयरसुतक नाही, तिला तवा मिळाला आणि ती गेली. या खेळावर माझा जीव जडला तो तिथं. मोठमोठे राजे लढतायत, आणि बाईला चिंता तव्याची.

भुतंही बरीचशी इथल्याच मातीतली आहेत. पोवुद्निट्सा म्हणून एक आहे, दुपारची हडळ म्हणा. कापणीच्या दिवसांत भर मध्यान्ही शेतात थांबलेल्याला ती गाठते, असं पोलंडमधली जुनी माणसं सांगायची. खेळात ती ओसाड पडलेल्या वाडीतल्या विहिरीपाशी दिसते, कारण तिला मारून त्या विहिरीत लटकवलेलं असतं. विहिरीत उतरायचं, तिचं कंकण शोधायचं आणि हाडांबरोबर जाळायचं, तेव्हा कुठं ती समोर येते. टळटळीत उन्हात मळ्यातल्या विहिरीकडं फिरकू नका म्हणून आजी आम्हाला दटावायची ते आठवलं. आजी आणि ही लोकं एकाच गावची असावीत असं वाटावं इतकं जुळतं. नोव्हेंबरच्या एक तारखेला इथं सगळं शहर आपापल्या माणसांच्या थडग्यांवर दिवे लावायला जातं. पोवॉन्झकीच्या दफनभूमीत संध्याकाळी गेले होते, नजर जाईल तिथवर काचेत पेटलेल्या मेणबत्त्या. खेळातही तळ्यातल्या बेटावर पितरांना बोलावून जेऊ घालायची एक रात्र आहे. ती मी इथल्या नोव्हेंबरानंतर खेळले म्हणून कळली, नाहीतर नुसतीच भुताची भानगड वाटली असती.

पण तुम्हाला सांगायचं होतं ते बॅरनचं.

वेलेन नावाचा एक दलदलीचा मुलूख आहे. दोन सैन्यांच्या मधे सापडलेला. गावं जळालेली, झाडाला माणसं लटकवलेली, पोटाला अन्न नाही. तिथं एक साधा शिपाई स्वतःच सरदार बनून गढीत बसलाय. लोक त्याला ब्लडी बॅरन म्हणतात. गेराल्ट आपल्या मुलीला शोधत तिथं येतो. मुलगी पोटची नाही, मानलेली. विचरांना मूल होत नाही. तिचं नाव सिरी. बॅरन म्हणतो, तुझी मुलगी इथं होती, सांगतो सगळं, पण आधी माझी बायको आणि लेक हरवलेत त्या शोधून दे. माणूस गडगडाटी हसणारा, जाडजूड, बोलायला मोकळा. सिरीला त्यानं आसरा दिलेला, पोटभर जेऊ घातलेलं. आपल्याला तो आवडायला लागतो.

मग आपण त्याच्या घरात मागमूस काढायला लागतो. भिंतीवरचं एक चित्र जागचं हललंय. काढून बघितलं तर मागं भिंतीचा टवका उडालेला. मेणबत्तीचा स्टँड मोडलेला. सांडलेल्या दारूचा वास. कुणी काही सांगत नाही. आपल्यालाच एकेक वस्तू बघत त्या घरात रात्री काय होत असेल ते कळत जातं. बायको आणि लेक हरवलेल्या नाहीतच, पळून गेल्यात. दारू पिऊन हा मारायचा. तेवढ्यात पोटातलं बाळ गेलं, आणि यानं ते नाव न ठेवताच पुरलं. आता त्या बाळाचं भूत झालंय, मातीतून उठून गढीभोवती फिरतंय.

त्याला दोन उपाय. एक म्हणजे मारून टाकायचं, तेही सोपं नाही. दुसरा म्हणजे बापानं स्वतः ते उचलून घ्यायचं, घरापर्यंत न्यायचं, उंबऱ्याखाली पुरायचं, आणि 'ही माझी मुलगी' म्हणून नाव ठेवायचं. मग ते भूत घराचं रक्षण करणारं होतं. मी दुसरा उपाय निवडला. आण्णा, रात्र, धो धो पाऊस, आणि हा दांडगा माणूस त्या भेसूर, वळवळणाऱ्या पोराला छातीशी धरून चिखलातून चालतोय. गेराल्ट शेजारी राहून मंत्रानं त्याला शांत करत राहतो, मधेच भुतं अंगावर येतात त्यांना तलवारीनं अडवतो. दारात आल्यावर बॅरन हातानं पुरतो आणि नाव ठेवतो, देआ. असलं बारसं मी कुठं पाहिलं नव्हतं. त्याच्यावर संतापावं की त्याची कीव करावी, मला ठरवता येईना, आणि खेळही ते ठरवून देत नाही. लेक पुढं सापडते, ती त्याला माफ करत नाही. दुसऱ्याच एका पंथाच्या सैन्यात दाखल झालेली असते. तिला समजवा, जुळवून घ्या, असला आग्रह गोष्ट कुठंही धरत नाही. मला ते फार बरं वाटलं.

आणि त्याचा शेवट कसा होतो ते अवलंबून असतं भलत्याच गोष्टीवर. एका टेकडीच्या पोटात झाडाच्या मुळ्यांत एक आत्मा अडकलाय, त्याला सोडायचं की मारायचं. सोडला तर दलदलीतली अनाथ पोरं वाचतात, पण जवळचं आख्खं गाव उजाड होतं, बॅरनची बायको शापानं मरते आणि बॅरन अंगणातल्या झाडाला गळफास घेतो. मारला तर पोरं नाहीशी होतात, बायको वाचते पण वेडी होऊन, आणि बॅरन तिला बरं करायला लांब डोंगरात घेऊन जातो. निवडताना यातलं काहीही माहीत नसतं. मी मारला. ती पोरं अजून डोळ्यांपुढून जात नाहीत.

हे खेळताना तालमीमागच्या बोळातलं ते घर आठवत राहिलं. तुम्हाला कळलं असेल कुठलं. शनिवारी पगार झाला की भांडी आपटल्याचा आवाज यायचा, मग काकूंचा. तुम्ही उठून खिडकी लावून घ्यायचा आणि म्हणायचा, दुसऱ्याच्या घरात पडू नये. मी नववीत होते. सकाळी ते काका नळावर भेटले की मला 'काय म्हणतोय अभ्यास' म्हणून विचारायचे, प्रेमानं. दोन्ही खरं होतं. त्या वयात माझ्या डोक्यात ते बसायचं नाही. एक दिवस काकू माहेरी गेल्या त्या परत आल्या नाहीत. त्या कुठं आहेत, बऱ्या आहेत का, तुम्हाला काही ठाऊक आहे का? तुम्ही त्या वेळी खिडकी लावायचा ते मला पटत नव्हतं आणि आजही पटत नाही. रागानं लिहीत नाहीये, पण लिहायचं होतं.

वेलेनवरून आणखी एक. इथल्या ऑफिसात कोल्हापूर म्हटल्यावर मान डोलवणारी माणसं भेटतात, पुणे म्हटल्यावर भेटत नाहीत, हे मी मागं सांगितलं होतं. दुसऱ्या महायुद्धात रशियानं लाखो पोलिश लोकांना घरांतून उचलून सायबेरियाकडं नेऊन टाकलं. त्यांतले सुटलेले काही इराणमार्गे हिंदुस्थानात आले, आणि त्यांतले सुमारे पाच हजार १९४३ ते १९४८ कोल्हापूरजवळच्या आपल्या वळिवड्याच्या छावणीत राहिले. बहुतेक बायका आणि पोरं. वॉर्सात मॉंते कॅसिनोच्या लढाईच्या स्मारकाजवळ त्या छावणीचं स्मारक आहे, २०२४ च्या ऑगस्टमध्ये मोदी आले होते तेव्हा तिथं फुलं वाहून गेले. मी ऑफिसातल्या एकीला घेऊन गेले होते. तिनं विचारलं, ती जागा आता कशी आहे? मी म्हटलं, तिथं फाळणीनंतर सिंधी लोक आले, आता गांधीनगर म्हणतात, आणि माझ्या बहिणीच्या लग्नाचा बस्ता आम्ही तिथंच बांधला. तिला काय बोलावं सुचेना. ताईला सांगा, तिच्या शालूची हकिकत वॉर्सापर्यंत पोचलीय. सांगायचा मुद्दा असा, की सैन्यं आली-गेली आणि मधल्या मधे माणसं चिरडली, हे इथल्या घराघरांत आहे. त्यामुळं वेलेन कुणी नकाशावर मजेखातर काढलेला मुलूख वाटत नाही.

सगळंच असं जड नाही हं. गेराल्टला पत्त्यांचा नाद आहे. ग्वेंट म्हणून एक पत्त्यांचा डाव आहे, तो खाणावळवाल्याशी, लोहाराशी, व्यापाऱ्याशी, ज्याच्या त्याच्याशी मांडून बसता येतं. मुलगी हरवलीय, जग बुडायला आलंय, आणि हा 'एक डाव होऊन जाऊ दे' म्हणतो! तुमच्या रमीच्या मंडळींना हे बिलकूल खटकणार नाही. स्केलिगे नावाची बेटं आहेत, तिथलं समुद्रातलं पेट्या शोधणं मी सोडून दिलं, कंटाळा आला. तलवारबाजीही पुढं पुढं तीच तीच वाटते. पण माणसं बोलायला लागली की परत गुंतायचं.

आता सिरी. तुम्ही मला 'शेवटी काय मिळालं' असंही विचारलं होतंत, त्याचं उत्तर इथं आहे.

गोष्टीला मुख्य शेवट तीन आहेत. सिरी विचर होते, किंवा सम्राज्ञी होते, किंवा परतच येत नाही. मला वाटलं होतं हे राजाला मारलं की नाही, कुठल्या सैन्याच्या बाजूनं उभं राहिलो, असल्या मोठ्या गोष्टींवर ठरत असेल. नाही. सिरी जगते की जात्येच, हे ठरतं गेराल्ट तिच्याशी चार-पाच साध्या प्रसंगांत कसा वागला त्यावर. आणि त्या वेळी खेळ तुम्हाला चकार शब्दानं सांगत नाही की हे कुठंतरी लिहून ठेवलं जातंय.

केअर मोरेन म्हणून विचरांचा डोंगरातला जुना किल्ला. तिथल्या लढाईत व्हेसेमिर मरतो, गेराल्टचा गुरू, सिरीला आजोबांसारखा. तिला वाचवतानाच मरतो. नंतर ती खचून बसलेली असते. आपल्यापुढं दोन वाटा: 'सगळंच जमलं पाहिजे असं थोडंच आहे' म्हणून समजूत काढायची आणि पेला भरायचा, नाहीतर बाहेर नेऊन बर्फाचे गोळे मारत खेळायचं. दुसऱ्या प्रसंगात तिला खऱ्या बापाकडं, म्हणजे सम्राटाकडं नेलं तर तो शोधून आणल्याचे पैसे देऊ करतो, ते घ्यायचे का. तिसऱ्यात मोठमोठ्या जादूगारिणींची सभा तिला बोलावते, तिच्याबरोबर आत जायचं की तिला एकटीला जाऊ द्यायचं. चौथ्यात एकानं तिच्यावर गुपचूप संशोधन केलेलं तिला कळतं, ती त्याच्या खोलीतलं सामान फोडायला उठते, तेव्हा 'शांत हो' म्हणायचं की 'फोड' म्हणायचं. आणि एकदा, तिला मदत करणाऱ्या पण भ्याड ठरवून हाकललेल्या एका पोराच्या थडग्यावर ती जाऊ म्हणते, तेव्हा घाई सोडून बरोबर जायचं का.

शेवटी सगळी जगं गिळणारी थंडी थोपवायला सिरीला एकटीलाच जावं लागतं, गेराल्ट मागं राहतो. तिथं तिला हेच प्रसंग आठवतात. तिच्यावर विश्वास टाकलेला जास्त वेळा असेल तर ती परत येते.

माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा एक जण आहे, दोन लहान मुलींचा बाप, त्यानं हा खेळ पूर्वीच खेळलाय. त्याची सिरी परत आली नव्हती. त्यानं तिला धीर दिला, पेला भरून दिला, सभेत सोबत गेला, सामान फोडताना आवरलं, थडग्याला वेळ नाही म्हणाला. एकही गोष्ट वाईट मनानं केली नाही. "मी तिला जपत होतो, आणि कुणी मला सांगितलंच नाही," असं तो अजून म्हणतो. मला त्याचं म्हणणं निम्मं पटतं. मायेला असे गुण देऊन बेरीज करायची म्हणजे आमच्या खात्यातल्यासारखं झालं. आणि सामान फोडू देणं चांगलं कसं, हे आईला विचारलं तर ती काय म्हणेल ते मला माहीत आहे.

पण सभेचा प्रसंग आला तेव्हा मी निवडायच्या आधी बराच वेळ स्क्रीनकडं बघत राहिले. पुण्याला कॉलेजच्या प्रवेशाला आपण पहाटेच्या एसटीनं गेलो होतो, आठवतंय? ऑफिसच्या दाराशी तुम्ही फाइल माझ्या हातात दिलीत, म्हणालात, "तूच जा आत." बाकीच्या सगळ्या पोरींचे वडील खिडकीशी उभे होते, साहेबांशी बोलत होते. मी एकटीच. आतल्या बाईंनी विचारलं, "बरोबर कोण आलंय?" मी म्हटलं, "वडील. बाहेर आहेत." तासाभरानं बाहेर आले तर तुम्ही कट्ट्यावर बसून पेपरची घडी घालत होता. काय झालं म्हणून विचारलंसुद्धा नाहीत. "जेवायचं का?" म्हणालात. त्या दिवशी मला तुमचा संताप आला होता, आणि पुढं किती तरी वर्षं मी धरून होते, की आण्णांना इंग्रजीत बोलायची भीती वाटली म्हणून मला पुढं केलं. ते असेलही. मला आता त्याचं कारण नको आहे.

गेराल्ट दाराबाहेर थांबतो तेव्हा खेळ आपल्यालाही बाहेरच ठेवतो. आत काय चाललंय दिसत नाही. मी मुलगी म्हणूनच जन्माला आल्येय, कायम आत जाणारी. बाहेर थांबणाऱ्याच्या जागी कधी उभी नव्हते. थांबून बघितलं. अवघड आहे ते, आण्णा. आणि पुढं जॉब मिळाल्यावर, मला इकडं यायचं होतं तेव्हा तुम्ही आठ-दहा दिवस माझ्याशी बोलला नव्हता, तेही माझ्या लक्षात आहे. त्यामुळं तुम्हाला सगळ्या प्रसंगांत पुरे गुण मी देणार नाही. पण तीन लागतात, तेवढे आहेत.

माझी सिरी विचर झाली. गोष्ट सुरू होते त्याच गावातल्या खाणावळीत गेराल्ट तिला स्वतः घडवून घेतलेली चांदीची तलवार देतो आणि दोघं पुढच्या कामगिरीवर निघतात. तिच्या खऱ्या बापाला मात्र ती मेली असं खोटं सांगून येतो. हे मला जरा खटकलं.

यानंतर दोन पुरवण्याही आहेत. २०१६ मधल्या दुसरीत गेराल्टला द्राक्षमळा आणि घर मिळतं. जन्मभर वळचणीला झोपलेल्या माणसाला स्वतःचा पलंग! मी त्याच्या घरात भिंतीवर चित्रं लावत बसले होते एक आख्खा रविवार. तिचा शेवट होताना गेराल्ट मान वळवून थेट आपल्याकडं बघतो आणि किंचित हसतो. बनवणाऱ्यांनी असा निरोप घेतलाय. आईशी फोनवर बोलत होते तेव्हा ते नुकतंच संपलं होतं, त्याचा तिनं रडण्यापर्यंत नेऊन ठेवला विषय.

छोटूनं दादाकडं या खेळाचा हट्ट धरलाय असं कळलं. अजिबात देऊ नका. डब्यावर १८ छापलंय ते उगाच नाही. मारामारी सोडा, बाकीचंही पुष्कळ आहे. त्याला मी इथून येताना दुसरा काहीतरी आणीन, घोड्याचा.

तुमची साखर परवा किती आली ते आईनं सांगितलं नाही, म्हणजे जास्तच आली असणार. रिपोर्ट दादाला मला पाठवायला सांगा. रंकाळ्यावर फिरायला जाताना मफलर बांधा. मी मेमध्ये यायचं बघत्येय, रजेचं अजून पक्कं नाही. आईला नमस्कार, ताईला आणि दाजींना नमस्कार, छोटूस आशीर्वाद.

आणि बोळातल्या काकूंचं काही कळलं तर तेवढं मला लिहा. फोनवर नको, सगळे आजूबाजूला असतात.

तुमची
धाकटी